पेटी कुणी बनवली?

(बायकांसाठी घेतलेल्या सहा दिवसांच्या सुतारकाम शिबिराच्या समारोपाला केलेलं हे भाषण. या शिबिरात एका गाण्याच्या गटासाठी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची सागवानी पेटी तयार करण्यात आली. बोलण्याचा बाज तसाच ठेवून, थोडं आवरून छापत आहोत. – संपादक मंडळ)



ही टेबलावरची पेटी तुम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिली आहे. काहीजणींच्या हातावर तिच्या खुणाही आहेत. पण आज ज्या फक्त समारोपाला आल्यात, त्यांच्या मनात प्रश्न असेल की बायकांच्या शिबिरात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची पेटी कशाला? हुंडा, पोटगी, रेशन, पाणी हे सगळं सोडून लाकडाचं खोकं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवं. विजेच्या गिटारला बहुतेक वेळा पोकळ पोट नसतं, म्हणून तिचा स्वतःचा आवाज अगदी बारीक. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची केसासारखी तार असते. वरची तार थरथरली की तिथे क्षीण वीज तयार होते. ती वीज वाढवणारं यंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि तिचा पुन्हा आवाज करणारा तो स्पीकर. हे दोन्ही ज्या पेटीत बसतात ती पेटी आपण बनवली. म्हणजे गिटारचा आवाज खऱ्या अर्थाने या पेटीतून निघतो.

आणि आवाज हा तर आपला जुनाच विषय आहे. १९८० मध्ये मथुरा खटल्याच्या निमित्ताने आपण रस्त्यावर आलो. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' आलं. डफ, ढोलकी आणि गळा एवढ्यावर गावोगाव कार्यक्रम झाले. पण जिथे माईक आला तिथे माईकवाला आला. आवाज किती ठेवायचा, कुणाचा माईक आधी बंद करायचा, 'ताई, आता आवरा' हे कधी म्हणायचं, ते तो ठरवायचा. बोलायचा हक्क आपण मिळवला, पण बटण त्याच्या हातात राहिलं. ते आपल्या हातात यावं म्हणून हे शिबिर.

आत बाई, बाहेर पुरुष

या पेटीला इतिहास आहे आणि तो आपल्या कामाचा आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये आपल्या नावाने अ‍ॅम्प्लिफायर काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षांतली यंत्रं अशाच पॉलिश केलेल्या पक्क्या लाकडाच्या पेटीत होती. मेपल, महोगनी, अक्रोड असं लाकूड, वर लाकडाचीच मूठ, पुढे रंगीत कापड आणि त्यावर धातूच्या चकचकीत पट्ट्या. जुन्या वस्तू जमवणारे लोक आज त्यांना 'वुडी' म्हणतात आणि भरपूर किंमत मोजतात. पुढे कंपनीने स्वस्त, हलक्या पाइन लाकडाच्या पेट्या करून त्यावर प्रवासी बॅगांना लावतात तसलं जाडं कापड चिकटवायला सुरुवात केली. कापडाखाली लाकडाची गाठ दिसत नाही, पॉलिशचे दिवस वाचतात.

आता ही यंत्रं कुणी केली? पुस्तकात नाव लिओ फेंडर यांचं. पेटीवर पाटी त्यांचीच. पण १९५० च्या दशकातलं यंत्र उघडलं की आत पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा सापडतो आणि त्यावर पेनाने एका बाईचं पहिलं नाव लिहिलेलं असतं. आडनाव नाही. आतल्या तारा जोडण्याचं, डाग देण्याचं काम बायका करत. त्यातल्या बऱ्याच जणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. चिकटपट्टी सन्मानासाठी लावलेली नव्हती. काम बिघडलं तर कुणाला बोलवायचं ते कळावं म्हणून ती होती. आज त्याच चिकटपट्टीसाठी संग्राहक यंत्राची किंमत वाढवून देतात. ती वाढीव किंमत विकणाऱ्याला मिळते.

त्यातली एक बाई मात्र नावानिशी जगाला माहीत झाली. अबिगेल इबारा १९५६ मध्ये फेंडरच्या कारखान्यात लागल्या. गिटारच्या तारांखालची ती तांब्याची बारीक तार गुंडाळणं हे त्यांचं काम. त्या २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. वादक त्यांच्या हातची गुंडाळी मुद्दाम मागून घेऊ लागले होते. पण हे कौतुक त्यांच्या उतारवयात आलं. त्याआधीची कित्येक वर्षं त्या असंख्य कामगारांपैकी एक होत्या.

दुसरी गोष्ट मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावची. तिथे गिब्सन कंपनीचा गिटारचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि कारखान्यात बायका आल्या. करवत, रंधा, सरस, पॉलिश ही सगळी कामं त्यांनी केली. १९४४ मधला एक फोटो आहे. कारखान्यासमोर रांगेने बसलेल्या, उभ्या राहिलेल्या बायकाच बायका. तरीही पुढे वर्षानुवर्षं कंपनीच्या इतिहासात असंच सांगितलं जायचं की युद्धाच्या काळात गिटारचं काम जवळपास बंदच होतं. जॉन थॉमस नावाच्या अमेरिकन लेखकाने तो फोटो पाहून त्यातल्या हयात असलेल्या बायका शोधून काढल्या, त्यांच्या तोंडून हकीकत ऐकली आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने त्या काळातल्या गिटारींचे एक्स-रे काढले. बायकांच्या हातच्या गिटारींचं आतलं काम आधीच्या नि नंतरच्या गिटारींपेक्षा जास्त नाजूक, जास्त बारकाईने तासलेलं आहे असं त्याचं म्हणणं आहे. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि बहुतेक बायका घरी गेल्या.

म्हणजे बघा, संकट आलं की बाईला करवत चालवता येते. संकट टळलं की ते बाईचं काम नसतं.

वाजवणाऱ्या बायकांचंही तेच. मेम्फिस मिनी ही कृष्णवर्णीय गायिका १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शिकागोच्या क्लबांमध्ये विजेची गिटार वाजवत होती. १९४३ मध्ये कवी लँग्स्टन ह्यूज यांनी 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्रात तिच्या वाजवण्यावर लिहिलं. सिस्टर रोझेटा थार्प चर्चची भजनं विजेच्या गिटारवर गायची. रॉक संगीताच्या अधिकृत मानाच्या यादीत तिचं नाव २०१८ मध्ये आलं. ती १९७३ मध्येच वारली होती.

नाजूक बोटांची गोष्ट

तारा जोडायला बायका का घेतात? मालकाचं उत्तर ठरलेलं आहे: बायकांची बोटं नाजूक असतात, त्या चिकाटीने बसतात. हे उत्तर आपल्याकडेही ऐकलंय. मुंबईला अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत तरुण मुलींना घेताना हीच भाषा होती.

डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी १९८१ मध्ये 'फेमिनिस्ट रिव्ह्यू'मध्ये या नाजूक बोटांवर एक लेख लिहिला. तो खूप गाजला. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. मुलींची बोटं जन्मतः चपळ नसतात. लहानपणापासून शिवण, टिपण, निवडणं, वेचणं हे आई शिकवते. ते वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण असतं. पण ते घरात, फुकट आणि प्रमाणपत्राशिवाय झालेलं असतं म्हणून मालक त्याला कौशल्य म्हणत नाही, 'निसर्ग' म्हणतो. आणि निसर्गाला पगार द्यावा लागत नाही.

आता हे आपल्याकडच्या बांधकामावर लावून बघा. वीट रचतो तो मिस्त्री. त्याच्या हाताशी घमेलं देते ती बिगारी. मिस्त्री कुशल, बिगारी अकुशल, आणि मजुरी त्या हिशेबाने. बाई २० वर्षं घमेलं उचलते तरी तिच्या हातात थापी येत नाही. सुतारकामात तर जातीचीही भिंत आहे. बारा बलुतेदारांतला सुतार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पुरुष येतो. त्याच्या घरातली बाई फळीचं दुसरं टोक धरते, पॉलिश पेपर घासते, भुसा भरून चुलीला नेते. तिला कुणी सुतार म्हणत नाही, 'सुताराची बायको' म्हणतात. आणि ज्या बाईचा जन्म त्या घरात नाही, तिच्यासाठी तर दारच नाही.

आता कामाचं बोलू

ज्यांना आपापल्या गावी जाऊन अशी पेटी करायची आहे त्यांच्यासाठी आपण काय केलं ते क्रमाने सांगते. वही काढा.

पहिली गोष्ट लाकूड. आपण सागवान घेतलं, तेही जुन्या वाड्याच्या तुळईतलं. वखारीत गेलो तेव्हा 'मिस्त्रीला पाठवा, तुम्हाला कळणार नाही' हे ऐकावं लागलं. आपण मिस्त्री कोण ते सांगितलं आणि फळ्या स्वतः निवडल्या. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं हा त्याचा मोठा फायदा. फक्त आधी खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीचे दात जातात. शिसव दिसायला देखणं, पण जड आणि महाग. फणसाचं लाकूड मिळालं तर तेही चांगलं.

पेटीचं माप बाहेरून रुंदी ५००, उंची ४५० आणि खोली २५२ मिलिमीटर. फळीची जाडी रंधा मारून १८ मिलिमीटर. चारही बाजूंचं मिळून तयार लाकूड घनफुटाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच भरतं. पण रंध्यात आणि कापण्यात बरंच जातं, म्हणून अर्धा घनफूट घ्या. वखारवाला एक घनफुटाच्या खाली देत नाही म्हणाला तर दोन गटांनी मिळून घ्या.

आवाजासाठी पक्कं लाकूड लागतंच का? खरं सांगायचं तर नाही. पाइनची पेटी स्वतः थोडी थरथरते, आणि तो आवाज आवडणारे वादक पुष्कळ आहेत. जड लाकडाची पेटी कमी थरथरते, त्यामुळे स्पीकरचा आवाज त्यात फारसं काही न मिसळता येतो. पण स्पीकर कोणता आणि तो ज्या फळीवर बसवला ती कशी, याचा परिणाम त्याहून जास्त. आपण सागवान घेतलं ते टिकण्यासाठी. ही पेटी एसटीच्या टपावर जाणार, जीपमध्ये आदळणार, पावसात भिजणार. सागवान पाण्याने कमी फुगतं, त्याचा कोपरा सहज उडत नाही, आणि ओरखडा आला तर तासून पुन्हा पॉलिश करता येतं.

दुसरी गोष्ट लाकडाच्या रेषा. शिबिरातल्या एका मैत्रिणीचा शिवणकामाचा व्यवसाय आहे. तिला हे एका वाक्यात कळलं. कापडाला उभा धागा, आडवा धागा आणि उरेब असतो ना, तसंच लाकडाला. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. पावसाळ्यात दार घट्ट होतं ते यामुळे. म्हणून चारही फळ्यांची रेषा पेटीभोवती एकाच दिशेने फिरली पाहिजे. मग पावसाळ्यात चौघी मिळून फुगतील, उन्हाळ्यात मिळून आकसतील, आणि सांधा उकलणार नाही. एखादी फळी उलट्या रेषेत लावली तर ती फाटणार किंवा दुसरीला फाडणार. शक्य असेल तर चारही बाजू एकाच लांब फळीतून ओळीने कापा. मग कोपऱ्यावरून वळताना रेषा तुटत नाही, पेटी सलग दिसते.

तिसरी गोष्ट सांधा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. हाच आपला सांधा. १८ मिलिमीटरची एक खाच, एक बोट, अशी खोलीत दोन्ही फळ्यांची मिळून १४ बोटं बसतात. २५२ चं माप त्यासाठीच. गुण्याने आखा, पेन्सिलीऐवजी धारदार टोकाने रेघ ओढा, करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवा आणि मधलं लाकूड पटाशीने दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं काढा. एका बाजूने आरपार ठोकलं तर पलीकडची चकली उडते. बोटं हाताच्या दाबाने, मग लाकडी ठोकणीच्या हलक्या थापेने बसली पाहिजेत. हातोडी लागत असेल तर सांधा घट्ट आहे, परत तासा. या सांध्यात सरस लागण्याची जागा खूप असते, म्हणून खिळा लागत नाही.

सरस लावल्यावर पेटी शिकंज्यात आवळायची. आणि सरस ओला असतानाच दोरीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचं, मग दुसरं तिरकं. दोन्ही सारखी असतील तर पेटी काटकोनात आहे. फरक असेल तर लांब असलेल्या बाजूला शिकंजा लावून दाबा. रात्रभर ठेवा.

चौथी गोष्ट पुढची फळी. ती मात्र पक्क्या लाकडाची करू नका, १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्या. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो फुगत नाही. १२ इंची स्पीकरला २८२ मिलिमीटरचं भोक लागतं. खिळा आणि दोरीने वर्तुळ काढा, बारीक पात्याच्या करवतीने कापा. स्पीकर स्क्रूने बसवू नका, आरपार बोल्ट आणि नट लावा. थरथरीने स्क्रू सैल होतो. ही फळी आतल्या पट्ट्यांवर स्क्रूने बसवा, चिकटवू नका. उद्या स्पीकर बदलायचा तर ती निघाली पाहिजे.

पुढच्या कापडाची परीक्षा सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा लागला तर आवाजही जाईल. आपण विरळ विणीचं सुती कापड वापरलं.

पाठ पूर्ण बंद करायची की नाही? बंद पेटीत खर्ज भरदार येतो. उघड्या पाठीच्या पेटीत मागून निघणारी हवा पुढच्या हवेला खाते, खर्ज कमी होतो, पण आवाज खोलीत सगळीकडे पसरतो आणि यंत्राची उष्णता बाहेर जाते. आपलं यंत्र पेटीतच आहे, म्हणून वर-खाली पट्टी लावून मधला भाग मोकळा ठेवला.

आणि एक इशारा. यंत्राच्या आतल्या पत्र्यात हात घालू नका. विशेषतः काचेच्या वाल्व्हचं यंत्र असेल तर प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो. तो मारतो. ते काम शिकलेल्या माणसाकडून, किंवा शिकलेल्या बाईकडून, करून घ्या. अर्थिंगची तार पत्र्याला जोडलेली आहे की नाही ते मात्र विचाराच.

पॉलिश आपण चपडा लाखेचं केलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि पातळ हात फिरवायचे. एक जाड हात देण्यापेक्षा दहा पातळ हात बरे. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळ स्टोव्ह नको आणि खिडक्या उघड्या.

अंग, अवजार आणि भीती

पहिल्या दिवशी पुष्कळजणी म्हणाल्या, 'पटाशीची भीती वाटते, हात कापेल.' मी विचारलं, घरी भाजी कशावर चिरता? विळीवर. पात्याची धार आपल्या दिशेने, पाट पायाखाली दाबलेला, आणि बोटं पात्यापासून तांदळाएवढ्या अंतरावर. हे रोज, न बघता, पोराला ओरडत. आणि आपल्याकडचा जुना सुतार काम कसा करतो? जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून. म्हणजे बसणं तेच, पायाचा उपयोग तोच, धार तीच. विळीला घरकाम म्हणतात आणि पटाशीला धंदा, एवढाच फरक.

काही अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवायला नकोत. टेबलं पुरुषांच्या उंचीची असतात. रंधा मारताना टेबल आपल्या मनगटाच्या उंचीला हवं, नाहीतर खांदे भरून येतात. आपण इथे पायाखाली फळ्या टाकून काम चालवलं, पण आपलं टेबल आपल्या मापाचं करा. करवतीची मूठ मोठी असेल तर तासून घ्या. ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या हे फिरत्या यंत्राजवळ नको. ड्रिल चालवताना हातमोजेही नकोत.

आणि भुसा. लाकडाच्या भुशाने कॅन्सर होऊ शकतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे. सागवान आणि शिसवाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, दम लागतो. तोंडाला मास्क लावाच. आणि भुसा झाडायचं काम नेहमी बाईकडे असतं हे लक्षात ठेवा. सुताराच्या घरात तो सगळ्यात जास्त तिच्याच छातीत जातो. कोरडा झाडू मारू नका, पाणी शिंपडून गोळा करा.

संरक्षणाच्या नावाखालीही बाईला दूर ठेवलं जातं. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राची साफसफाई आणि तेलपाणी बायकांनी करायचं नाही असं कलम होतं. हेतू अपघात टाळण्याचा असेल. पण यंत्राला तेल घालणाऱ्यालाच यंत्र कळतं. यंत्र सगळ्यांसाठी सुरक्षित करा, ही आपली मागणी असायला हवी.

वजनाचं म्हणाल तर ही सागवानी पेटी रिकामी साडेपाच किलोच्या आसपास आहे. स्पीकर, यंत्र, प्लाय धरून १५-१६ किलो. म्हणजे पाण्याने भरलेल्या एका हंड्याएवढी. हंडा उचलताना कुणी म्हणत नाही की ताई, राहू द्या, जड आहे. तरीही आपण दोन बाजूंना दोन मुठी लावल्या. दोघींनी मिळून उचलावं. मुठीही बोल्टने आरपार.

पुढे काय

१९७५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला बोडन सँडस्ट्रॉम आणि त्यांच्या मैत्रिणीने 'वुमन साउंड' नावाने ध्वनिव्यवस्था पुरवणारा व्यवसाय सुरू केला. बायकांच्या मैफली, सभा, मोर्चे इथे स्पीकर लावणं, तारा ओढणं, आवाज सांभाळणं सगळं बायकांनी केलं. स्टेजवरची बाई आणि बटणावरची बाई, दोघी आपल्याच. आपल्याकडे केरळात कोट्टयम जिल्ह्यातलं अर्चना विमेन्स सेंटर बायकांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवत आलं आहे. तेव्हा हे कुठे झालंच नाही असं नाही.

माझ्या चार सूचना आहेत. चर्चा करा, पटल्या तर घ्या.

एक. अवजारं विकत घेणं एकट्या बाईला परवडत नाही. दर तीन-चार गटांत मिळून एक अवजारपेटी ठेवा. करवत, रंधा, तीन पटाश्या, गुण्या, चार शिकंजे आणि धार लावायचा दगड एवढ्यावर सुरुवात होते. धार लावायला दोघींनी तरी नीट शिकलं पाहिजे, कारण बोथट पटाशीच हात कापते.

दोन. शिबिरात शिकलेलं छंद म्हणून सोडू नका. पंचायतीची, शाळेची, अंगणवाडीची बाकं-कपाटं दुरुस्तीला निघतात, ती कामं मागा. आणि मागताना मजुरी कुशल कामगाराची मागा. 'बायका आहेत, कमी द्या' हे पहिल्या कामाला मान्य केलं की ते शेवटच्या कामापर्यंत चालतं.

तीन. सुताराच्या घरातल्या बायकांना पुढच्या शिबिरात शिकायला नव्हे, शिकवायला बोलवा. पॉलिशचा हात, लाकडाची पारख, सरसाचा अंदाज त्यांना आहे. फक्त त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. मानधन द्या.

चार. नाव लिहा. जेवण्याच्या सुट्टीत काहीजणी विचारत होत्या की गटाचं नाव पेटीवर कोरायचं का. गटाचं नाव पुढे कोराच. पण आत, पाठीच्या पट्टीवर, ज्यांनी काम केलं त्या चौदाजणींची पूर्ण नावं तारखेसह लिहा, आणि कुणी काय केलं तेही: हिने आखलं, हिने बोटं कापली, हिने पॉलिश केलं. फुलर्टनच्या बायकांची नावं चूक पकडण्यासाठी लिहिली जात होती. आपली नावं आपण काम केलं म्हणून लिहायची.

पॉलिश अजून दोन दिवस ओलं असेल, तेव्हा पेटीवर काही ठेवू नका. शनिवारी गाण्याचा गट ती घेऊन जाईल. नावं त्याआधी लिहून झाली पाहिजेत. शाई मागच्या खिडकीत ठेवली आहे.